ट्रॉलीचे हब आणि ब्रेक-ड्रम : निवड कशी करावी?

कांद्याच्या हंगामात लासलगावच्या किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी थोडा वेळ उभे राहा. ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर आणि प्रत्येकामागे कांद्याने भरलेली ट्रॉली अशी रांग लागलेली दिसेल. ट्रॅक्टर कोणत्या कंपनीचा, किती अश्वशक्तीचा, हे बहुतेक मुले लांबूनच सांगतील. पण ट्रॉलीच्या चाकात काय असते, असे विचारले तर उत्तर सहसा येत नाही. खरे तर भरलेल्या ट्रॉलीचे वजन पुष्कळदा ट्रॅक्टरहून अधिक असते. ते ओढण्याचे काम ट्रॅक्टरचे. पण थांबवण्याचे काम कोणाचे?

अनेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. मग ट्रॅक्टर आपल्या ब्रेकने स्वतःलाही थांबवतो आणि मागच्या ओझ्यालाही. उतारावर ट्रॉली मागून रेटा देते, ट्रॅक्टरची मागची चाके घसरू लागतात आणि ट्रॅक्टर व ट्रॉली कात्रीसारखी मिटतात. ज्या ट्रॉलीला ब्रेक आहे तिच्यावर हा प्रसंग येण्याचा संभव पुष्कळ कमी होतो. मात्र तो ब्रेक त्या ट्रॉलीला साजेसा असला पाहिजे.

हब आणि ड्रम झिजले, तडकले की नवे घ्यावे लागतात. ट्रॉल्या बहुधा गावच्या किंवा तालुक्याच्या वर्कशॉपमध्ये बनतात. काही ट्रॉल्यांना जुन्या मालमोटारीचा एक्सल बसवलेला असतो. त्यामुळे सुट्या भागांचे छापील पुस्तक किंवा क्रमांक हाती नसतो. दुकानदार विचारतो, "कुठला ड्रम?" आणि आपण म्हणतो, "ट्रॉलीचा!" एवढ्यावर जो बसेल तो ड्रम घेतला जातो. तो बसतोही. पण 'बसतो' आणि 'चालतो' यांत फरक आहे. तो फरक समजण्यास शाळेत शिकलेले पदार्थविज्ञान पुरेसे आहे. कसे, ते आता पाहू.

दोन भाग, दोन कामे

ट्रॉलीचा एक्सल स्वतः फिरत नाही. त्याच्या टोकाशी निमुळता दंडगोल असतो, त्याला स्पिंडल म्हणतात. स्पिंडलवर दोन बेअरिंगे बसतात, आतले मोठे व बाहेरचे लहान. या बेअरिंगांवर जो भाग फिरतो तो हब. हबला स्टड असतात आणि त्यांवर चाक नटांनी आवळलेले असते. हबलाच जोडून पातेल्यासारखा बिडाचा ड्रम असतो. काही ठिकाणी हब व ड्रम एकाच ओतकामात असतात, तर काही ठिकाणी ड्रम वेगळा असून बोल्टांनी जोडलेला असतो. ड्रमच्या पोटात चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू असतात. ते फिरत नाहीत. त्यांच्या पाठीवर लायनर चिकटवलेले किंवा रिव्हेटांनी ठोकलेले असते. ब्रेक लावला की शू फाकतात, लायनर ड्रमच्या आतल्या पृष्ठभागावर दाबले जाते आणि घर्षणाने चाक मंदावते.

यावरून एक गोष्ट मनाशी पक्की करा. हब वजन पेलतो आणि ड्रम उष्णता पेलतो. निवड करताना हबला वजनाचे प्रश्न विचारायचे व ड्रमला उष्णतेचे.

ब्रेक ऊर्जेचे काय करतो?

ब्रेक गती 'नाहीशी' करतो असे आपण सहज म्हणतो. पण ऊर्जा नाहीशी होत नाही, हे तुम्ही जाणता. ब्रेक गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतो. लायनर उष्णतेचे मंद वाहक असल्याने या उष्णतेचा फार मोठा भाग ड्रममध्ये शिरतो. म्हणजे ड्रम हे उष्णता साठवण्याचे भांडेच होय.

हिशोब करू. मालासह ५ टनांची, म्हणजे ५,००० किलोग्रॅमची एक ट्रॉली घ्या. वेग ताशी ३० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ८.३३ मीटर. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन, हे सूत्र वापरले की गतिज ऊर्जा सुमारे १ लाख ७३ हजार ज्यूल येते. साधारण अर्धा लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत तापवण्यास एवढीच उष्णता लागते.

ट्रॉलीला दोन ड्रम आहेत आणि प्रत्येकाचे वस्तुमान २० किलोग्रॅम आहे असे समजा. एक किलोग्रॅम बीड एक अंश सेल्सियसने तापण्यास सुमारे ४६० ज्यूल लागतात. ४० किलोग्रॅमला १८,४०० ज्यूल लागतील. १,७३,००० ला १८,४०० ने भागले की ९.४ उरतात. म्हणजे सपाट रस्त्यावर ट्रॉली एकदा पूर्ण थांबवली तर ड्रम जेमतेम ९ ते १० अंशांनी तापतो. यात काळजीचे काहीच नाही.

आता हीच ट्रॉली घाटात नेऊ. नाशिक जिल्ह्यात घाटांची वाण नाही. आग्रा रस्त्यावर चांदवडच्या पुढे राहुड घाट आहे, सप्तशृंगगडावर जाण्यासाठी नांदुरीचा घाट आहे, आणि मुंबईकडे उतरताना कसारा घाट आहे. समजा, आपल्या ट्रॉलीला उंचीतील १०० मीटरचा फरक सावकाश, एकसारख्या वेगाने उतरायचा आहे. वेग वाढू द्यायचा नाही. तेव्हा सगळी स्थितिज ऊर्जा कोठेतरी गेली पाहिजे. ती किती? ५,००० गुणिले ९.८ गुणिले १००, म्हणजे ४९ लाख ज्यूल. सपाट रस्त्यावर २८ वेळा थांबण्याइतकी ही ऊर्जा आहे. ती सर्व त्या दोन ड्रमांत गेली तर त्यांचे तापमान २६६ अंशांनी वाढेल. उन्हाळ्यात मुळातच हवा ४० अंशांवर असते, तेव्हा ड्रम ३०० अंशांच्या वर गेला.

ही वरची मर्यादा आहे हे लक्षात ठेवा. टायर व रस्ता यांतील रोधाने काही ऊर्जा खर्च होते, वाहती हवा ड्रमला थोडे निववते, आणि ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर त्याचे इंजिनही बराच वाटा उचलते. पण ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये टाकून उतरला तर ही मर्यादा दूर राहत नाही. कसारा ते इगतपुरी हा रेल्वेचा चढ सुमारे ३०० मीटर उंचीचा आहे, आणि त्याची चढण ३७ मीटरला १ मीटर इतकी तीव्र आहे. तेवढी उंची आपली ट्रॉली नुसत्या ब्रेकवर उतरली, तर हिशोबाने ड्रम ८०० अंशांनी तापेल, म्हणजे बीड लाल दिसू लागेल. असा ड्रम कोणी बनवीत नाही. रेल्वेची विजेची इंजिनेही घाट उतरताना स्वतःच्या मोटारींचे जनित्र करून वेग आवरतात; सारा भार चाकांवरच्या ठोकळ्यांवर टाकीत नाहीत. 'ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर' हा जुन्या चालकांचा नियम याच कारणाने बरोबर आहे.

तापलेल्या ड्रममध्ये काय घडते?

दोन गोष्टी घडतात आणि दोन्ही वाईट आहेत.

पहिली लायनरची. नेहमीच्या तापमानात लायनर व बीड यांच्यामधील घर्षणगुणांक ०.३५ च्या आसपास असतो. तापमान फार वाढले की लायनरमधील चिकट द्रव्यांचे विघटन होऊ लागते व घर्षणगुणांक घटतो. पाय तितक्याच जोराने दाबला तरी गाडी आवरत नाही. यालाच चालक 'ब्रेक मऊ पडला' म्हणतात.

दुसरी ड्रमची. तापला की तो प्रसरण पावतो. बिडाचा रेखीय प्रसरणांक दर अंशाला सुमारे ०.००००११ आहे. ड्रमचा आतला व्यास ३०० मिलिमीटर व तापमानवाढ २६६ अंश धरली तर व्यास जवळजवळ ०.९ मिलिमीटरने वाढतो. म्हणजे ड्रमची भिंत प्रत्येक शूपासून सुमारे ०.४५ मिलिमीटर दूर पळते. शू व ड्रम यांत मुळात ठेवलेली फट मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच असते. ती एकदम दुप्पट झाली म्हणजे पेडल खोल जाते, आणि झिजलेल्या ब्रेकच्या बाबतीत तळाला टेकतेही. ज्या वेळी ब्रेकची सर्वांत अधिक गरज, नेमक्या त्याच वेळी तो दूर सरकतो.

हलका ड्रम स्वस्त का पडत नाही?

आता दुकानात परत येऊ. समोर दोन ड्रम आहेत. दोघांचा आतला व्यास तोच, रुंदी तीच आणि स्टडही जुळतात. पण एकाचे वजन २० किलोग्रॅम, तर दुसऱ्याचे १५. दुसरा स्वस्त आहे आणि बसतोही. वरचा हिशोब पुन्हा करा. दोन ड्रमांचे ३० किलोग्रॅम, त्यांना एका अंशाला १३,८०० ज्यूल. ४९ लाखांना भागले की ३५५ अंश! भांडे पाऊणपट केले की तापमानवाढ सव्वापटीहूनही अधिक झाली. शिवाय पातळ भिंत दाबाखाली वाकते, तोंडाशी फाकते आणि लवकर तडकते. म्हणून वजनकाटा हे ड्रम निवडण्याचे पहिले साधन समजावे.

जुना ड्रम लेथवर 'टर्न' करून घेण्याची पद्धत आहे. आतला पृष्ठभाग खडबडीत झाला तर ती उपयोगीही पडते. पण ३०० मिलिमीटर व्यासाच्या व ८० मिलिमीटर रुंदीच्या ड्रमची भिंत एक मिलिमीटर खरवडली की सुमारे ७५ घन सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या किलोग्रॅमहून थोडे अधिक बीड निघून जाते. व्यास वाढल्याने जुना शू त्यात नीट बसत नाही. त्याचा फक्त मधला भाग टेकतो. पुष्कळ ड्रमांवर जास्तीत जास्त किती व्यासापर्यंत टर्न करता येईल तो आकडा ओतलेला असतो. त्या आकड्यापलीकडे गेलेला ड्रम भंगारात द्यावा.

व्यास लहान झाला तर?

काही वेळा दुकानदार थोड्या लहान व्यासाचा ड्रम, त्याच्या शूंसह, पुढे करतो. तो घ्यावा का? इथे आघूर्ण आठवा. घर्षणबल ड्रमच्या त्रिज्येवर काम करते. रस्त्याचे बल चाकाच्या त्रिज्येवर. चाकाची त्रिज्या ४५ सेंटिमीटर व ड्रमची १५ सेंटिमीटर असेल, तर रस्त्यावर हवे असलेल्या बलाच्या तिप्पट घर्षणबल ड्रमवर निर्माण व्हावे लागते.

आपली ट्रॉली ताशी ३० किलोमीटर वेगावरून १५ मीटरांत थांबवायची आहे असे समजा. त्यासाठी मंदन सेकंदाला सेकंदाला २.३ मीटर लागते, आणि एकूण बल सुमारे ११,६०० न्यूटन. प्रत्येक चाकाच्या वाट्याला ५,८००. ड्रमवर त्याच्या तिप्पट, म्हणजे १७,४००. घर्षणगुणांक ०.३५ असल्यामुळे शूंनी ड्रम मिळून सुमारे ५०,००० न्यूटन बलाने दाबला पाहिजे. हे ५ टनांच्या वजनाइतके झाले. एका चाकातल्या दोन लहानशा शूंना अख्ख्या ट्रॉलीच्या वजनाएवढा रेटा द्यावा लागतो!

या कामात ड्रमचे फिरणे थोडी मदत करते. दोन शूंपैकी एक असा बसवलेला असतो की फिरता ड्रम त्याला आणखी आपल्याकडे ओढून घेतो. हा आघाडीचा शू. दुसऱ्याला ड्रम मागे ढकलतो; तो पिछाडीचा. त्यामुळे आघाडीचा शू जास्त काम करतो. शू काढताना कोणता कोठे होता ही खूण करून ठेवावी ती यासाठीच.

आता ड्रमचा व्यास ३०० ऐवजी २५० मिलिमीटर केला आणि शूंचा दाब तोच ठेवला, तर आघूर्ण पाच-षष्ठांश होईल. थांबण्याचे अंतर १५ मीटरवरून १८ मीटरवर जाईल. तीन मीटर म्हणजे रस्ता ओलांडणाऱ्या माणसाच्या अलीकडे थांबणे आणि त्याच्या पलीकडे थांबणे. आणि एका बाजूला ३०० चा, दुसऱ्या बाजूला २५० चा ड्रम असेल तर ट्रॉली ब्रेक लावताच एका बाजूला ओढली जाईल. म्हणून ड्रम नेहमी जोडीने बदलावेत आणि दोन्ही एकाच मापाचे, एकाच वजनाचे घ्यावेत.

हबची मापे : भूमितीचा उपयोग

हब घेताना प्रथम एक्सल किती टनांचा आहे ते पाहावे. नंतर स्पिंडलचा व्यास, आतल्या व बाहेरच्या दोन्ही बेअरिंगांच्या जागी, व्हर्नियरने मोजावा. जुनी बेअरिंगे फेकून देऊ नयेत. त्यांच्या कडेवर क्रमांक कोरलेला असतो आणि तोच सर्वांत खात्रीचा पुरावा. बेअरिंगच्या जागी स्पिंडल झिजून सैल झाला असेल तर नवा हब घालून उपयोग नाही. आधी स्पिंडलचे पाहावे लागेल.

पुढचा प्रश्न स्टडांचा. सर्व स्टडांच्या मध्यबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास जुळला पाहिजे. वर्कशॉपमध्ये त्याला 'पी.सी.डी.' म्हणतात. स्टड सहा असतील तर समोरासमोरच्या दोन स्टडांमधले अंतर हाच व्यास. शेजारच्या दोन स्टडांमधले अंतर दुप्पट केले तरी तेच उत्तर येते, कारण मध्यबिंदू व ते दोन स्टड मिळून समभुज त्रिकोण होतो.

स्टड पाच असतील तर मात्र कोणत्याही स्टडसमोर दुसरा स्टड येत नाही. अनेकजण इथे अंदाजाने मोजतात आणि चुकतात. पंचकोनाची भूमिती वापरा. शेजारच्या दोन स्टडांमुळे मध्यबिंदूशी ७२ अंशांचा कोन होतो. त्याच्या निम्मा ३६. म्हणून व्यास = शेजारच्या स्टडांमधले अंतर भागिले ३६ अंशांची ज्या. ही ज्या ०.५८८ आहे. म्हणजे अंतराला १.७ ने गुणा. समजा, अंतर ८२ मिलिमीटर आले, तर व्यास १३९.५ मिलिमीटर, म्हणजेच साडेपाच इंचांचे माप. मोजण्यात एक मिलिमीटरची चूक झाली तर उत्तरात १.७ मिलिमीटरची होते, तेव्हा काळजीपूर्वक मोजा. मध्य ते मध्य मोजणे अवघड जाते. त्याऐवजी एका स्टडच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. स्टड सारखे असल्याने अंतर तेच येते. माप जुळत नसताना नट जबरदस्तीने आवळले तर स्टड वाकतात आणि पुढे केव्हातरी तुटतात.

हबच्या आतल्या तोंडाशी सील असते. ते लहान व स्वस्त असले तरी त्याला कमी लेखू नका. ड्रमची उष्णता हबमध्ये शिरते, ग्रीस पातळ होते, आणि सील खराब असेल तर ते लायनरवर येते. ग्रीस लागलेल्या लायनरचा घर्षणगुणांक एकदम खाली येतो. हब बदलला की सील नवेच घालावे.

बीडच का, आणि ते तपासावे कसे?

ड्रम बिडाचा करतात, कारण बिडात कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने विखुरलेला असतो. त्यामुळे उष्णता चांगली वाहते, झीज कमी होते, कंपने लवकर शमतात आणि कापकाम सोपे जाते. पण बीड ठिसूळ असते. ते वाकत नाही, तडकते.

तडक शोधण्याची जुनी रीत ध्वनिशास्त्रावर आधारलेली आहे. माठ घेताना आई त्याला टिचकी मारून पाहते. चांगला माठ खणखणतो, तडकलेला बदबद वाजतो. सुटा ड्रम दोरीला टांगून लहान हातोडीने हलकेच ठोका. चांगला ड्रम घंटेसारखा नाद देतो व तो काही क्षण टिकतो. तडकलेल्या ड्रमचा आवाज बसका असतो, कारण तडकेच्या दोन कडा एकमेकींवर घासून कंपनाची ऊर्जा खाऊन टाकतात. आतल्या पृष्ठभागावर निळसर डाग दिसले तर ड्रम पूर्वी फार तापला होता असे समजावे. दिसणारी तडक भिंतीच्या कडेपर्यंत गेली असेल तर ड्रम टाकूनच द्यावा. तो वेल्डिंग करून वापरू नये.

एक सावधगिरी. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसांना अतिशय घातक असते. ड्रममधली धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने फुंकू नका. ओल्या फडक्याने पुसावी. तसेच नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रॉलीखाली कधीही जाऊ नये. मोजमाप तुम्ही करा. बसवण्याचे काम जाणत्या मेकॅनिककडून करून घ्या, आणि थोडे अंतर चालवल्यावर चाकांचे नट पुन्हा आवळण्यास सांगा.

थोडक्यात

दुकानात जाताना एका कागदावर पुढील गोष्टी लिहून न्याव्यात : एक्सलची क्षमता, दोन्ही बेअरिंगांचे क्रमांक, स्पिंडलचे दोन व्यास, स्टडांची संख्या व पी.सी.डी., ड्रमचा आतला व्यास व रुंदी, आणि मूळ ड्रमचे वजन. जुना ड्रम झिजलेला असल्याने त्याचे वजन कमी भरेल, तेव्हा नवा त्याहून जड असला पाहिजे, हलका मुळीच नको. ज्या घरी ट्रॉली आहे तेथल्या मुलाने हा कागद तयार करून दिला, तर पुढच्या हंगामात घाट उतरताना त्याच्या वडिलांना त्याचा उपयोग होईल.

करून पाहा

१. आठ स्टडांच्या हबसाठी शेजारच्या स्टडांमधील अंतरावरून पी.सी.डी. काढण्याचे सूत्र तयार करा. (उत्तर : अंतराच्या सुमारे २.६१ पट.)

२. ४ टनांची ट्रॉली ६० मीटर उंची केवळ ब्रेकवर उतरली. प्रत्येकी १६ किलोग्रॅमचे दोन ड्रम आहेत. उष्णता बाहेर गेली नाही असे धरून तापमानवाढ काढा. (उत्तर : सुमारे १६० अंश.)

३. वेग ताशी ३० वरून २० किलोमीटर केला तर एकदा थांबताना ड्रममध्ये जाणारी उष्णता किती उरेल? (उत्तर : चार-नवमांश, म्हणजे निम्म्याहून कमी.)

तिसरे उदाहरण सोडवल्यावर ते घरातल्या ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसालाही सोडवून दाखवा.